सणाची खरेदी आणि कौत्साचा धडा

विजयादशमीच्या संध्याकाळी आमच्या बेळगावातील गल्लीगल्लीतून जे दृश्य दिसते, ते वाचकांनी क्षणभर डोळ्यांपुढे आणावे. सीमोल्लंघन करून परतलेली मंडळी घरोघर जातात, वडीलधाऱ्यांच्या हातावर आपट्याचे पान ठेवतात आणि सोने घ्या, सोन्यासारखे राहा, असे म्हणून नमस्कार करतात. आमचे कन्नडभाषक शेजारी बन्नीचे, म्हणजे शमीचे, पान ‘बंगार’ म्हणून आमच्या हाती देतात. दोन भाषा, दोन झाडे. पण भाव एकच. त्याच संध्याकाळी सराफांच्या पेढ्यांवर मात्र उभे राहावयास जागा नसते. एकाच दिवशी गावात दोन प्रकारचे सोने वाटले जात असते. एकास पैसा लागत नाही व ते सर्वांना पुरते. दुसऱ्यास लाखभर रुपये लागतात आणि पुष्कळदा ते उसनवारीने आणावे लागतात.

आपट्याच्या पानास सोने का म्हणावयाचे, याची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वरतंतू ऋषींचा शिष्य कौत्स विद्या पूर्ण झाल्यावर गुरुदक्षिणा देऊ लागला. गुरू म्हणाले, तुझी सेवा हीच दक्षिणा. शिष्याने हट्ट धरला, तेव्हा गुरूंनी रागावून चौदा विद्यांबद्दल चौदा कोटी सुवर्णमुद्रा मागितल्या. कौत्स रघुराजाकडे गेला. परंतु राजाने नुकतेच विश्वजित यज्ञात सर्वस्व दान केलेले होते. याचक विन्मुख जाऊ नये म्हणून रघूने कुबेरावर स्वारी करण्याचे ठरविले आणि त्याच रात्री कुबेराने सुवर्णवृष्टी केली. कालिदासाच्या ‘रघुवंशा’त हे सोने राजाच्या कोशागारात पडते; आपल्या लोककथेत ते आपट्याच्या झाडावर पडते. पुढचा भाग मात्र दोन्हीकडे सारखाच आहे. रघू म्हणाला, हे सारे तुझेच. कौत्स म्हणाला, मला चौदा कोटींहून एकही मुद्रा अधिक नको. गुरूचे देणे जेवढे, तेवढेच त्याने उचलले.

कथेचा हा शेवट आपण ऐकतो आणि विसरतो. सोन्याचा पाऊस लक्षात राहतो. कौत्साचे माप लक्षात राहत नाही. वास्तविक या सणाचे मर्म त्या मापात आहे. समोर ढीग पडला असताना, आणि देणारा ‘घे’ म्हणत असताना, आपली गरज किती हे ज्यास ठाऊक होते, त्या विद्यार्थ्याची ही गोष्ट आहे. आज बाजाररूपी कुबेर दर वर्षी भाद्रपदापासून कार्तिकापर्यंत आपल्यापुढे असाच ढीग घालतो. फरक एवढाच की, हा कुबेर फुकट काही देत नाही. तेव्हा सणासुदीच्या दिवसांत हात सैल का सुटतो, त्यात पैसा नेमका कोठे जातो आणि कौत्साप्रमाणे आपले माप आपण कसे ठरवावे, याचा विचार या लेखात करावयाचे आम्ही योजिले आहे.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. सणाला खरेदी करणे ही काही आजची खोड नव्हे. आपल्या पूर्वजांची खरेदीही सणालाच होत असे, आणि त्यास सबळ कारण होते. दसरा-दिवाळी म्हणजे खरिपाचे पीक घरात येण्याचा काळ. शेतकऱ्याच्या हाती वर्षातून याच वेळी चार पैसे खेळत. पावसाळ्यात विरलेले कपडे बदलावयाचे, भांड्यांना कल्हई करावयाची, फुटकी मडकी टाकून नवी आणावयाची, ही सारी कामे तेव्हाच उरकत. घरातील मुलाला दिवाळीस एक सदरा मिळे आणि तो पुढच्या दिवाळीपर्यंत चाले. म्हणजे सणाची खरेदी ही बहुतांशी वर्षाची खरेदी होती. ती सणाच्या मुहूर्तावर होत असे, इतकेच.

आता स्थिती पालटली आहे. आपण कपडे वाढदिवसाला घेतो, लग्नकार्याला घेतो, शाळा सुरू होताना घेतो, बाजारात सहज गेलो तरी घेतो. आणि दिवाळीला पुन्हा घेतो. जुनी रीत तशीच राहिली, पण तिच्यामागचे कारण निघून गेले. वर्षभराची खरेदी वर्षभर करून वर सणाची खरेदी निराळी करावयाची, असा हा दुहेरी खर्च आहे. ‘आमच्या आजोबांच्या वेळेपासून दिवाळीला नवे कपडे घेतात’ असे म्हणताना, आजोबांच्या खुंटीवर एकूण कपडे किती होते, हेही विचारले पाहिजे.

हात सैल सुटण्याचे दुसरे कारण आपल्या मनातच आहे. अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांना २०१७ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी असे दाखवून दिले की, रुपया हा रुपयाच असला तरी मनुष्य सर्व रुपये एका मापाने मोजीत नाही. तो मनातल्या मनात निरनिराळी खाती उघडतो. पगाराचा पैसा एका खात्यात, बक्षिसाचा दुसऱ्यात, अकस्मात मिळालेला तिसऱ्यात. पगाराच्या खात्यातून शंभर रुपये काढताना जो दहा वेळा विचार करतो, तोच ‘वरच्या’ पैशाच्या खात्यातून हजार रुपये सहज काढतो. दिवाळीचा बोनस हे याचे उत्तम उदाहरण होय. बोनस मिळाला की घरात आनंद होतो आणि तो पैसा जणू आकाशातून पडला, असे समजून खर्च होतो. परंतु १९६५ च्या बोनस कायद्याने किमान बोनस वर्षाच्या वेतनाच्या ८.३३ टक्के ठरविला, याचा अर्थ काय? शंभरास बाराने भागले की ८.३३ येतात. म्हणजे तो बरोबर एका महिन्याच्या वेतनाएवढा भाग झाला. वर्षभर केलेल्या श्रमाचाच तो तेरावा हप्ता आहे. वडिलांनी ज्या घामाने बारा महिन्यांचा पगार मिळविला, त्याच घामाने हाही मिळविला. तो सुवर्णवृष्टीतला पैसा नव्हे.

तिसरे कारण शेजारच्या घराकडे पाहण्याचे. थॉर्स्टाइन व्हेब्लेन नावाच्या लेखकाने १८९९ साली श्रीमंत वर्गावर एक पुस्तक लिहिले. माणसे पुष्कळशा वस्तू उपयोगासाठी न घेता इतरांनी त्या पाहाव्यात म्हणून घेतात, हा विचार त्याने त्यात मांडला. हा विचार समजण्यास अमेरिकेला जावयास नको. समोरच्या गच्चीवर मोठा आकाशकंदील लागला की आपला लहान वाटू लागतो. काल सायंकाळपर्यंत तो लहान नव्हता. आज तो न बदलताच लहान झाला. फटाक्यांचे तर असे आहे की, आवाज आपल्याच अंगणात झाला पाहिजे, शेजाऱ्याच्या अंगणातला चालत नाही! वस्तुतः दोन्ही आवाज आपल्या कानांना सारखेच ऐकू येतात, आणि दोन्हींचा धूर सारखाच नाकात जातो. या बाबतीत आम्हां विद्यार्थ्यांचा दोष मोठा आहे, हे येथे कबूल करावेसे वाटते. वडील माणसे स्वतःसाठी क्वचितच अवास्तव खर्च करतात. आमच्या हट्टापायी मात्र करतात. ‘वर्गात सगळ्यांनी घेतले’ हे वाक्य आम्ही घरी म्हणतो, तेव्हा ‘सगळ्यांनी’ म्हणजे बहुधा तिघांनी असते.

चौथे कारण म्हणजे दुकानातील अंकगणित. सणाच्या दिवसांत जिकडेतिकडे सवलतींचे फलक लागतात. त्यांतील हिशेब आम्हांस सातवी-आठवीत शिकविलेला असतो. पण दुकानाच्या पायरीवर तो आठवत नाही. ‘५० टक्के सूट आणि त्यावर आणखी २० टक्के’ असे वाचले की ७० टक्के सूट मिळाली असे वाटते. हजार रुपयांची वस्तू पहिल्या सुटीने पाचशेस आली. दुसरी सूट या पाचशेवर, म्हणजे शंभर रुपये. वस्तू चारशेस पडली. एकूण सूट ६० टक्के झाली, ७० नव्हे. ‘दोन घ्या, तिसरे मोफत’ यात दर नगामागे ३३ टक्क्यांहून थोडी अधिक सूट आहे, हे खरे. पण ती तिन्ही नग लागणाऱ्यासाठी. ज्यास एकच हवा होता, त्याने सुटीच्या लोभाने दुप्पट पैसे मोजले. वेष्टनावरील छापील किंमत ही कमाल किंमत असते. तिच्याहून अधिक घेता येत नाही, एवढाच तिचा अर्थ. एरवीही ती वस्तू कमी दराने विकली जात असेल, तर छापील किमतीवर दाखविलेली सूट हे सणाचे औदार्य कसले? आणि ९९९ ही किंमत हजाराहून एक रुपयाने कमी असली, तरी डोळा प्रथम ९ पाहतो आणि मनास ती नऊशेच्या घरातील वाटते.

येथे कोणी म्हणेल की, कपडे फाटतात, फटाके जळतात, पण सोने तर घरात राहते. मग मुहूर्तावर सोने घेणे हा खर्च कसा? या शंकेचे उत्तर आकड्यांनीच दिलेले बरे. सोन्याचा भाव रोज बदलतो, म्हणून हिशेबापुरते असे समजू की, २२ कॅरेट सोन्याचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये आहे. दहा ग्रॅमचा दागिना घेतला, तर सोन्याची किंमत १,००,००० रुपये झाली. घडणावळ शेकडा १२ धरली, तर १२,००० रुपये आणखी. या दोन्हींच्या बेरजेवर ३ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे ३,३६० रुपये. एकूण १,१५,३६० रुपये दिले. दुसऱ्याच दिवशी अडचण आली आणि दागिना मोडावा लागला, तर घडणावळ व कर परत मिळत नाहीत. सोन्याचे जे येतील ते, फार तर एक लाख. एका रात्रीत १५,३६० रुपये गेले. पुढे भाव वाढला तर ही खोट भरून निघेल, हे मान्य. परंतु ती आधी भरून निघावी लागेल आणि मगच लाभ सुरू होईल. हौस म्हणून, अंगावर घालावयासाठी, स्वतःच्या पैशाने दागिना घेण्यास कोणाची हरकत नाही. फक्त त्यास हौस म्हणावे, बचत म्हणू नये. आणि घ्यावयाचाच असेल तर हॉलमार्कचा शिक्का व त्याबरोबरचा सहा अक्षर-अंकांचा ओळखक्रमांक पाहून घ्यावा. १ एप्रिल २०२३ पासून या क्रमांकाचाच हॉलमार्क ग्राह्य धरला जातो.

मुहूर्ताविषयीही एक गैरसमज आहे. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया व दसरा हे तीन पूर्ण आणि दिवाळीचा पाडवा हा अर्धा, असे आपले साडेतीन मुहूर्त. या दिवशी कोणतेही चांगले कार्य पंचांग न पाहता आरंभावे, एवढाच त्यांचा अर्थ. ते खरेदीचे मुहूर्त नव्हेत, आरंभाचे मुहूर्त होत. दसऱ्याला आपण पाटीपूजन करतो, पुस्तकांची पूजा करतो. त्या दिवशी एखादी भाषा शिकावयास घेतली, किंवा टपाल कार्यालयात बचतीचे खाते उघडले, तरी मुहूर्त साधलाच.

इथवर आपण आपल्या जवळच्या पैशाचा विचार केला. जो पैसा आपला नाहीच, त्याची गोष्ट याहून गंभीर आहे. ‘ऋण काढून सण’ ही म्हण आपल्या भाषेत जुनी आहे. पूर्वी ऋण काढावयाचे तर सावकाराच्या ओसरीवर जावे लागे, मान खाली घालावी लागे. त्या लाजेनेच कित्येक माणसे सावरत. आता ऋणास गोड नावे मिळाली आहेत आणि ते दुकानातच, वस्तूबरोबर बांधून मिळते. ‘बिनव्याजी हप्ते’ हे त्यांपैकी एक. भारतीय रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले होते की, शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही. ते व्याज बहुधा प्रक्रिया शुल्काच्या रूपाने घेतले जाते, किंवा रोखीने घेणाऱ्यास जी सूट मिळाली असती ती हप्त्यांनी घेणाऱ्यास न देऊन वसूल केले जाते. म्हणून हप्त्यांची वस्तू घेण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: हीच वस्तू आज रोख घेतली, तर कितीला द्याल? त्या दोन रकमांतील अंतर हेच व्याज.

क्रेडिट कार्डाचा हिशेब याहून कठीण आहे. ठरलेल्या दिवशी सर्व रक्कम भरणाऱ्यास व्याज पडत नाही, हे खरे. पण समजा, दिवाळीत २०,००० रुपयांची खरेदी झाली आणि सर्व रक्कम भरता आली नाही. महिन्यास शेकडा ३ व्याज धरू आणि दरमहा १,००० रुपये फेडावयाचे ठरवू. पहिल्या महिन्याचे व्याजच ६०० रुपये होते. हजार भरले तरी मुद्दल चारशेनेच घटले. असे करता करता कर्ज फिटावयास ३१ महिने लागतात आणि वीस हजारांचे जवळजवळ एकतीस हजार भरावे लागतात. याचा अर्थ असा की, एका दिवाळीचे पैसे फेडता फेडता आणखी दोन दिवाळ्या येऊन जातात. त्या दिवाळ्यांचे कर्ज वेगळेच. ज्या वर्गमित्रांना चक्रवाढ व्याजाचे प्रकरण रूक्ष वाटते, त्यांनी हे उदाहरण एकदा वहीत सोडवून पाहावे.

हे केवळ वहीतले गणित नाही. आमच्या वर्गातील एका मित्राच्या घरी एका दिवाळीत मोठा दूरदर्शन संच हप्त्यांनी आला. आम्ही सर्वजण कौतुकाने तो पाहावयास गेलो होतो. जानेवारीत वर्गाची सहल निघाली, तेव्हा तो मित्र आला नाही. पोटात दुखते, असे त्याने सांगितले. खरे कारण त्याने पुष्कळ दिवसांनी सांगितले: त्या महिन्याचा हप्ता आणि सहलीची वर्गणी एकाच आठवड्यात आली होती आणि वडिलांपाशी मागण्याचे त्यास धैर्य झाले नाही. संचाचा हट्ट आपणच धरला होता, हेही त्याने सांगितले. त्या दिवशी आम्हांस प्रथम कळले की, सणाच्या खर्चाची किंमत सणाच्या दिवशी द्यावी लागत नाही. ती नंतरच्या एखाद्या साध्या दिवशी द्यावी लागते, आणि पुष्कळदा ती घरातील सर्वांत गप्प बसणारे माणूस देते.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. खर्चाविषयी बोलणाऱ्यांना गरिबांवर ठपका ठेवण्याची सवय असते. १८७५ साली, १२ मे रोजी, पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि तो पुणे व अहमदनगर या जिल्ह्यांत पसरला. त्याची चौकशी करण्यासाठी आयोग नेमला गेला. शेतकरी लग्ने आणि सण यांपायी कर्जात बुडतो, असे त्या काळी मोठमोठे लोक म्हणत. आयोगास मात्र चौकशीअंती असे दिसले की, या कारणास फाजील महत्त्व दिले गेले आहे. अन्न, बियाणे, बैल आणि सरकारी सारा यांसाठी पुनःपुन्हा घ्यावी लागणारी लहान लहान कर्जेच शेतकऱ्यास अधिक बुडवीत होती. हे ध्यानात ठेवून कोणा कष्टकऱ्याच्या मुलाच्या अंगावर दिवाळीत नवा सदरा दिसला, तर त्यास उधळपट्टी म्हणण्याचे पाप आपण करू नये. आमचे बोलणे ज्यांच्या कपाटात जुने सदरे दुमडून ठेवले आहेत, त्यांच्याशी, म्हणजे बहुतांशी आपल्याशीच, आहे. आणि या आयोगाच्या निष्कर्षात आपल्यासाठीही एक धडा आहे: माणूस एका मोठ्या खर्चाने क्वचित बुडतो, पुनःपुन्हा होणाऱ्या लहान देण्यांनी बुडतो. आजचे मासिक हप्ते ही तशीच लहान देणी नव्हेत काय?

संत गाडगेबाबांनी गावोगावच्या कीर्तनांतून हेच सांगितले. सणासाठी, देवकार्यासाठी कर्ज काढू नका आणि मुलांना शिकवा, हा त्यांचा उपदेश होता. हाती झाडू आणि खापर घेऊन फिरणाऱ्या या पुरुषाने लोकांचा आनंद हिरावून घ्यावा असे कधी म्हटले नाही. त्यांचे सांगणे एवढेच की, पाटीपुस्तकाचा पैसा पंगतीत जाऊ नये.

आता उपायांकडे वळू. पहिला उपाय, माप आधी ठरवावे. कौत्स राजाकडे गेला तेव्हा ‘चौदा कोटी’ हा आकडा त्याच्यापाशी होता. म्हणूनच सोन्याच्या ढिगापुढे तो डगमगला नाही. आकडा न ठरविता गेला असता, तर किती घेतले असते कोण जाणे! सणापूर्वी पंधरा दिवस सर्वांनी एकत्र बसून रक्कम ठरवावी, तिच्या आत बसेल अशी यादी करावी आणि मग खडेबाजारात किंवा गणपत गल्लीत पाऊल टाकावे. यादीत मुलांचेही मत घ्यावे. ज्याने यादी केली तो हट्ट करीत नाही, हा अनुभव आहे.

दुसरा उपाय, मध्ये एक रात्र जाऊ द्यावी. यादीबाहेरची वस्तू मनात भरली, तर ती त्या दिवशी घेऊ नये. दुसऱ्या सकाळी तितकीच हवीशी वाटली, तर विचार करावा. पुष्कळ वस्तू त्या एका रात्रीत आपोआप नकोशा होतात. ‘आज शेवटचा दिवस’ असे फलकावर लिहिले असले तरी भिऊ नये. बाजारात नवा शेवटचा दिवस लवकरच येतो.

तिसरा उपाय, सणाचा पैसा वर्षभर साठवावा. दिवाळीस ६,००० रुपये लागतात असे गेल्या वर्षीच्या हिशेबावरून दिसले, तर दरमहा ५०० रुपये बँकेच्या आवर्ती ठेवीत टाकावेत. हप्ते येथेही आहेत. पण ते सणाच्या आधीचे आहेत, आणि त्यांचे व्याज आपण देत नाही, आपणास मिळते. हप्ता एकच, सणाच्या पुढे भरला की बचत, मागे राहिला की कर्ज.

चौथा उपाय, जे हातांनी करता येते ते विकत घेऊ नये. आपल्या भागातील मुलांना हे सांगावयास नको, कारण दिवाळीचा किल्ला आपण अजून हातांनीच करतो. माती, दगड, गोणपाट आणि वर पेरलेली मोहरी, यांतून रायगड उभा राहतो. चार दिवस नखांतली माती निघत नाही आणि अभ्यासाचे नाव नसते! त्या किल्ल्याइतका आनंद विकत घेतलेल्या कोणत्या खेळण्याने दिला? बांबूच्या कामट्या, पतंगी कागद आणि खळ यांचा आकाशकंदीलही तसाच. तो थोडा वाकडा होतो, हे खरे. परंतु घरी येणारा प्रत्येक पाहुणा ‘कोणी केला?’ असे विचारतो. विकतच्या कंदिलाविषयी ‘कितीला घेतला?’ असे विचारतात. या दोन प्रश्नांतच सर्व काही आले. मागील वर्षीच्या पणत्या धुऊन पुन्हा वापरता येतात, आणि चार घरांनी मिळून फराळ केला तर सामान एकत्र आणता येते व चकल्या पाडावयास हातही मिळतात.

काटकसर आणि कृपणता यांत मात्र घोटाळा होऊ देऊ नये. पणत्या विकणाऱ्या कुंभारणीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करावयाची आणि सजविलेल्या दुकानात मागतील ती किंमत मुकाट्याने द्यावयाची, ही काटकसर नव्हे. घरी काम करणाऱ्या बाईंची दिवाळी हा खर्चाच्या यादीतील पहिला आकडा असावा, शेवटचा नव्हे. स्वतःच्या हौसेस कात्री लावून जे उरेल, त्यातून ज्याच्या घरी कंदील लागला नाही त्याच्याकडे फराळाचे ताट जावे. ज्या काटकसरीतून कोणास काही देता येत नाही, ती नुसती चिक्कूपणाची साठवण होय.

आणि म्हणून शेवटी पुन्हा त्या कथेकडे यावेसे वाटते. कौत्स दारी आला तेव्हा रघूने त्याचे स्वागत कशाने केले, हे कालिदासाने सांगितले आहे. सोन्याची पात्रे दानात गेली होती, म्हणून राजाने मातीच्या पात्रातून अर्घ्य दिले. सम्राटाच्या घरी अतिथीसमोर मातीचे भांडे! त्यात त्यास लाज वाटली नाही आणि अतिथीसही कमीपणा वाटला नाही. साकेत नगरीतील लोकांनी दोघांचीही वाखाणणी केली: मागितल्याहून अधिक देऊ पाहणाऱ्या राजाची, आणि गरजेहून अधिक न घेणाऱ्या विद्यार्थ्याची.

येत्या दिवाळीला उंबऱ्यावर मातीची पणती लावताना हे दोघेही आपणांस आठवोत. द्यावयाची वेळ आली तर आपण रघू व्हावे आणि घ्यावयाची वेळ आली तर कौत्स. मग सणाची आठवण म्हणून आपल्या घरी कर्जाचे हप्ते उरणार नाहीत. आपट्याचे एक पान पुस्तकात जपून ठेवलेले तेवढे उरेल.